वृद्धांचा दीर्घकालीन सांभाळ : जबाबदारी कोणाची, खर्च कोणाचा?

(जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त गोव्यातील एका पंचायत सभागृहात पंच, तलाठी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेले भाषण)



१ ऑक्टोबर हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली ज्येष्ठांसाठी मुक्रर केला आणि १९९१ पासून तो जगभर पाळला जातो. या दिवशी शाल-श्रीफळ देऊन वयोवृद्धांचा सत्कार करण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. तो चांगलाच आहे. परंतु ज्यांना व्यासपीठापर्यंत चालत येता येते त्यांचाच सत्कार होतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना तहान लागली तरी पाणी मागण्याचे भान उरलेले नाही, ते आज या सभागृहात नाहीत. मी बोलणार आहे ते त्यांच्याविषयी; आणि त्यांना एकटे टाकून येता येत नाही म्हणून जे येथे येऊ शकले नाहीत, त्या घरच्या माणसांविषयी.

२०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढील माणसांची संख्या देशात सुमारे १० कोटी ४० लक्ष भरली. म्हणजे शेकडा ८.६. गोव्यात हेच प्रमाण शेकडा ११.२ होते. केरळच्या १२.६ खालोखाल आपला क्रमांक लागतो. हे भूषणच आहे, कारण आयुर्मान वाढले याचा तो दाखला आहे. पण त्याची दुसरीही बाजू आहे. घरात मुले एक किंवा दोन. त्यांतला एक आखातात किंवा बोटीवर, दुसरा पुण्या-मुंबईला नाहीतर पोर्तुगाल-इंग्लंडात. आठ खोल्यांच्या घरात संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लागतो, अशी घरे या सभागृहातील प्रत्येकाला आपापल्या वाड्यावर दाखविता येतील.

येथे आरंभीच एक भेद स्पष्ट करतो. वार्धक्य ही एक अवस्था आहे आणि परावलंबन ही दुसरी. सत्तर वर्षांचा गृहस्थ बागायतीत माड शिंपतो, बाजार करतो. त्याला फार तर निवृत्तिवेतन हवे, औषध हवे. पण ज्याला उठवावे लागते, न्हाऊ घालावे लागते, भरवावे लागते, त्याला पैशाच्या आधी माणूस हवा. तो माणूस एक तासासाठी नव्हे, दिवसाच्या चोवीस तासांसाठी हवा. आणि आठवडाभर नव्हे, कित्येकदा वर्षानुवर्षे हवा. आपल्या बहुतेक सरकारी योजना पहिल्या अवस्थेसाठी आखलेल्या आहेत. दुसऱ्या अवस्थेचा भार अजून घरावरच आहे. आणि घरावर म्हणजे घरातील एका स्त्रीवर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. वय ८१. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली, आणि तिचा भार आमच्यावर पडला नाही. दहाव्या दिवशी तिला घरी पाठविले. हाती जो कागद दिला त्यात गोळ्यांची नावे आणि पुन्हा दाखवायला आणण्याची तारीख होती. रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, पाठ कोरडी ठेवावी, असे त्यात एका शब्दानेही लिहिलेले नव्हते. आम्हा कोणालाही ते ठाऊक नव्हते. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडापाशी त्वचा काळवंडली आणि चार दिवसांत तेथे जखम झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक परिचारिका घरी आल्या, त्यांनी जखम पाहिली आणि कोणालाही न रागावता माझ्या वहिनींना वळविण्याची रीत शिकविली. ती जखम भरून यायला पाच महिने लागले.

आई त्यानंतर दोन वर्षे चार महिने होती. मी हिशेबी माणूस. पहिल्या दिवसापासून खर्चाची वही ठेवली. दिवसपाळीच्या बाईंचा पगार १२,००० रुपये, डायपर व मलमपट्टीचे साहित्य साडेतीन ते चार हजार, औषधे दोन हजार, शिवाय हवेची गादी, पलंग, चाकांची खुर्ची. महिन्याला १८,००० च्या खाली आकडा कधी गेला नाही. वडील शिक्षक होते, त्यामुळे आईला कुटुंब निवृत्तिवेतन होते. उरलेले आम्ही दोघा भावांनी घातले. सर्व झाल्यावर ती वही मी घरात सर्वांना दाखविली. वहिनींनी ती सावकाश चाळली आणि म्हणाल्या, "भाऊजी, यात रात्रीचा हिशेब नाही."

खरोखरच नव्हता. दिवसाची बाई संध्याकाळी सहाला जाई. रात्री बारा, दोन, चार आणि सहा वाजता आईला वळविण्याचे काम वहिनी करीत. सुमारे साडेआठशे रात्री, रात्रीतून चार वेळा. त्यापूर्वी त्या एका बालवाडीत शिकवीत असत. ती नोकरी पहिल्याच महिन्यात सुटली आणि पुन्हा मिळाली नाही. वहीत त्या पगाराचाही रकाना नव्हता. तेव्हापासून दीर्घकालीन सांभाळाच्या खर्चाविषयी कोणी बोलू लागले की मी प्रथम विचारतो, रात्री कोण जागते?

आता साहाय्य कोठून मिळते ते पाहू. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेखाली पात्र ज्येष्ठ नागरिकाला महिन्याला २,००० रुपये मिळतात. ज्यांच्या घरात दुसरी आवक नाही त्यांच्या चुलीला या रकमेने मोठा आधार दिला आहे, याचा मी साक्षीदार आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये व पुढे ५०० रुपये आहे. या रकमा आमच्या वहीतील आकड्याशेजारी मांडून पाहा. २,००० रुपयांत पेज, तेल-मीठ आणि रक्तदाबाच्या गोळ्या येतील. रात्रीचा माणूस येणार नाही.

वैद्यकीय विम्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली. तीत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लक्ष व त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लक्ष रुपयांपर्यंत संरक्षण ठेवले गेले. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेखाली ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार खुले झाले. लोक समजतात की आता म्हातारपणाची काळजी मिटली. पण ही सर्व संरक्षणे रुग्णालयातील खाटेची आहेत. खुब्याची शस्त्रक्रिया त्यांत बसते; शस्त्रक्रियेनंतरची दोन वर्षे चार महिने बसत नाहीत.

इतर देशांनी काय केले, हे थोडक्यात सांगतो. जर्मनीने १९९५ साली परिचर्येसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला. त्यात परावलंबी व्यक्तीला सेवा घेता येते, किंवा घरचे माणूस सांभाळ करीत असेल तर त्याऐवजी रोख रक्कम घेता येते. जपानने २००० साली तशीच व्यवस्था केली. तेथे चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरायची, निम्मा खर्च करांतून आणि निम्मा वर्गणीतून भागवायचा, आणि सेवा घेणाऱ्याने आपला लहान हिस्सा द्यायचा. ही श्रीमंत राष्ट्रे आहेत, त्यांची बरोबरी आपण करू शकत नाही, हे मान्य. पण आपल्याच देशातील केरळ श्रीमंत राष्ट्र नव्हे. त्या राज्याने २००८ साली वेदनाशामक परिचर्येचे धोरण जाहीर केले आणि पंचायतींच्या साहाय्याने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. तेथेच अंथरुणावरील रोग्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसासाठी दरमहा ६०० रुपयांची साहाय्य योजनाही निघाली. ६०० रुपये काहीच नव्हेत असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्या रकमेने सेवा करणाऱ्या बाईचे नाव प्रथमच सरकारी नोंदवहीत आले.

आता कायद्याकडे वळतो, कारण या बाबतीत आपण अधिकारी आणि शिक्षक पुष्कळ करू शकतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ साली झाला. स्वतःच्या उत्पन्नातून व मालमत्तेतून निर्वाह करू न शकणारे आई-वडील आपल्या सज्ञान मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. ज्यांना मूलबाळ नाही, ते आपली मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला पुढे मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून मागू शकतात; ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा. वृद्धाला स्वतः जाता येत नसेल तर त्याने अधिकृत केलेली दुसरी व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते. निकाल ९० दिवसांत लागावा, अपवादात्मक कारणाने आणखी ३० दिवस, अशी मुदत आहे. निर्वाहाची कमाल मर्यादा अधिनियमात दरमहा १०,००० रुपये ठेवलेली आहे. ती आज अपुरी पडते, हे निराळे सांगावयास नको. 'निर्वाह' या शब्दात अन्न, वस्त्र व निवारा यांबरोबर वैद्यकीय उपचारही स्पष्टपणे धरलेले आहेत, म्हणून अर्जात परिचर्येचा खर्च तपशिलाने मांडावा. केवळ 'मुलगा बघत नाही' असे लिहिलेले अर्ज मी पुष्कळ पाहिले. त्यांवर न्यायाधिकरणाला रक्कम ठरविणे कठीण जाते.

या अधिनियमातील २३ वे कलम मालमत्तेविषयी आहे, आणि येथे मला एक खंत बोलून दाखवावीशी वाटते. मी काही वर्षे समेटाचे काम केले. त्या काळात एक विधवा आजी माझ्यापुढे आल्या. त्यांनी राहते घर पुतण्याच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले होते. 'तो मला शेवटपर्यंत बघणार' असे ठरले होते. पण ते ओसरीवर, तोंडी. बक्षीसपत्रात 'प्रेमापोटी' एवढेच लिहिले होते. वर्षभराने आजी मागच्या पडवीत आल्या आणि पुतण्याने घराला कुलूप लावले. कलम २३ म्हणते की निर्वाहाच्या व मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, फसवणुकीने घेतली असे मानून हस्तांतरण रद्द ठरविता येते. परंतु अट होती हे दिसले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ च्या एका निर्णयात हेच सांगितले की अट नसेल तर या कलमाचा आधार मिळत नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात, जेथे मुलाने सांभाळ करण्याचे लेखी वचन दिले होते, न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरविले आणि या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने लावावा, न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकते, असे स्पष्ट केले. एका लेखी वाक्याचा हा फरक. आजींच्या कागदात ते वाक्य नव्हते. पुतण्याची समजूत घालून त्यांना एक खोली आणि दोन वेळचे जेवण एवढे मी मिळवून देऊ शकलो, घर नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की वृद्धांनी हयातीत शक्यतो घर कोणाच्या नावे करूच नये. करावयाचेच असेल तर कागदात लिहून घ्यावे : आमरण त्याच घरात राहण्याचा हक्क, अन्न, औषधोपचार, आणि अंथरुणाला खिळल्यास परिचर्या. रुग्णालयातील खाटेवर सही करू नये. गोव्यात पतिपत्नींच्या समाईक मालकीचा नियम असल्याने घर दोघांचे असते. एकट्याची सही पुरत नाही, आणि वारसांचा राखीव हिस्साही असतो, हे विसरू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कागद वाचून दाखवायला गावातील शिक्षकाहून विश्वासाचा माणूस कोण?

घर हाच अनेकांचा एकमेव ठेवा असतो. त्यावर निर्वाह व्हावा म्हणून २००७ साली उलट तारणाची योजना बँकांमार्फत आली. साठीच्या पुढील मालकाने राहते घर गहाण ठेवावयाचे, बँकेने त्याला हप्त्याहप्त्याने रक्कम द्यावयाची, घरात पतिपत्नींनी अखेरपर्यंत राहावयाचे, आणि पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावे अथवा बँकेने ते विकून वसूल करावे, अशी ती कल्पना. कल्पना सुबक आहे. पण आपल्याकडे एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचे नाव असते, इन्व्हेंटरी झालेली नसते, घर मुंडकाराचे किंवा जमीन कोमुनिदादीची असते. अशा घरावर बँक कर्ज देत नाही. वाटणी वेळेवर करून घेतली तरच हा मार्ग खुला होतो. ज्यांच्याजवळ निवृत्तीची रोख रक्कम आहे त्यांच्यासाठी टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजना बरी. तिची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लक्ष रुपये झाली असून व्याज दर तिमाहीस हाती येते.

आता वृद्धाश्रमांविषयी. 'आश्रमात टाकले' हा शब्दप्रयोग आपण सोडून द्यावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला पडवीत उपाशी ठेवण्यापेक्षा आश्रम शतपटीने बरा. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून प्रोव्हेदोरिया ही सार्वजनिक साहाय्य संस्था वृद्धाश्रम चालवीत आली आहे, धर्मादाय संस्थांचे आश्रम आहेत, आणि शुल्क घेणारी खाजगी गृहेही आता निघाली आहेत. अधिनियमाच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान १५० जणांची सोय असलेला एक तरी आश्रम राज्याने स्थापावा, असे म्हटले आहे. प्रवेश घेण्यापूर्वी एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा : आज चालणारा माणूस उद्या अंथरुणाला खिळला तर आपण त्याला ठेवता काय? अनेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येते आणि ऐन गरजेच्या वेळी त्याला परत पाठविले जाते. अनामत परत मिळते का, रात्री परिचारिका असते का, रुग्णालयाचे बिल कोणी भरावयाचे, हेही कागदावर घ्यावे.

अखेरीस पंचायतीकडून काय होऊ शकेल? पहिली गोष्ट यादीची. आपल्या प्रभागात अंथरुणाला खिळलेली माणसे किती, त्यांच्याजवळ रात्री कोण असते, एवढे प्रत्येक पंचाने लिहून काढावे. त्याला निधी लागत नाही. दुसरी साहित्याची. आमच्या घरातील पलंग, हवेची गादी आणि चाकांची खुर्ची आई गेल्यावर वर्षभर माडीवर पडून होती. अशी अनेक घरांत पडून आहेत. पंचायतीच्या एका खोलीत ती जमा करून गरजूंना वापरावयास देता येतील. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी इत्यादी साधने राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून विनामूल्य मिळतात. त्यासाठी शिबिराची मागणी करावी. तिसरी गोष्ट विसाव्याची. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या प्राथमिक शाळांच्या इमारती गावोगावी रिकाम्या आहेत. त्यांतील एका वर्गात सकाळी नऊ ते चार वृद्धांना ठेवून घेण्याची सोय झाली, तर घरच्या बाईला कामावर जाता येईल, निदान झोपता तरी येईल.

हयातीच्या दाखल्यासाठी किंवा पैसे काढण्यासाठी खाटेवरच्या माणसाला रिक्षात घालून बँकेत आणल्याचे प्रकार अजूनही कानावर येतात. सत्तरीवरील व विकलांग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना दिलेली आहे. तलाठी व पंचायत सचिव यांनी ती शाखाधिकाऱ्यांच्या नजरेस आणावी. छळ होत असेल, मार्ग सुचत नसेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा. मुले तो घरी सांगतात.

निर्वाहाच्या अर्जाचा एक भरलेला नमुना आणि बक्षीसपत्रात घालावयाच्या अटीचा मसुदा मी प्रवेशदारापाशी ठेविला आहे. प्रती पन्नासच आहेत, तेव्हा प्रत्येक वाड्यासाठी एक घ्यावी. अंथरुणावरील रोग्याला कसे वळवावे याचे प्रात्यक्षिक आरोग्य केंद्रातील परिचारिका चहानंतर शेजारच्या खोलीत दाखविणार आहेत. त्याला पुरुष मंडळींनीही थांबावे. तत्पूर्वी आपले प्रश्न ऐकावयास मी तयार आहे.